‘चेअर कमी आहेत’ हे त्यांनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं

तुम्ही लिहिलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, कुठे चुकीचं समजलो असेन तर सांगा. दोन वर्षांचा अनुभव, ज्युनियर इंजिनिअर, पाचव्या मजल्याचा स्लॅब. आदल्या संध्याकाळी ठेकेदाराचे सुपरवायझर म्हणाले, बाल्कनीत चेअर (वरची जाळी उचलून धरणारे सळईचेच छोटे आधार) कमी आहेत. तुम्ही म्हणालात, स्टील ड्रॉइंगप्रमाणे आहे. शब्दाला शब्द लागला आणि ‘इथे इंजिनिअर कोण आहे?’ हेही तुमच्या तोंडून निघून गेलं. दुसऱ्या दिवशी स्लॅब टाकला. सेंटरिंग (खालचा साचा आणि टेकू) काढल्यावर बाल्कनीच्या वरच्या अंगाला, भिंतीलगत, लांबट चीर दिसली. मीटिंगमध्ये विचारणा झाली तेव्हा तुम्ही सळ्या बांधणाऱ्या फिटरचं नाव घेतलंत. त्याचं बिल अडकलं. सुपरवायझर आता कामापुरतंही बोलत नाहीत. आणि तुम्ही विचारताय, चूक कबूल केली तर नोकरी जाईल का, आणि अशा वादातून ‘शिकायचं’ म्हणजे नक्की काय करायचं.

मी २७ वर्षं साइटवर आहे, त्यातली पहिली पाच तुमच्याच जागी. नोकरीचं उत्तर मला देता येणार नाही. ते तुमचे साहेब कसे आहेत, कंपनी किती मोठी आहे, पैसे कोणाचे गेले यावर आहे. बाकीचं सांगतो.

पण आधी बाल्कनी, तुमचं नंतर. कॅन्टिलिव्हरला, म्हणजे एकाच बाजूने धरलेल्या बाल्कनीला, वरून चीर म्हणजे प्लॅस्टरमधली चीर नव्हे. खाली परत टेकू लागले आहेत का? तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेखच नाही, म्हणून विचारतो. बाहेरच्या कडेला टेकू लावा, घट्ट लावा, पण जॅक फिरवून बाल्कनी वर उचलायला जाऊ नका. आणि ते टेकू नुसते चौथ्या मजल्याच्या बाल्कनीवर टेकवून सोडू नका. तिच्यावर दुप्पट भार येईल. खालपर्यंत एकाखाली एक घ्या. वर विटा, वाळू, टाकी काही ठेवू देऊ नका, खालचा भाग दोरीने बंद करा आणि स्ट्रक्चरल कन्सल्टंटला आजच फोटो पाठवा. ते काँक्रीट न फोडता आतली सळई शोधणाऱ्या कव्हर मीटरने सळ्या किती खोल गेल्या ते बघतील, मग तोडून परत टाकायची, आधार द्यायचा की लोड टेस्ट घ्यायची ते ठरवतील. ते ठरवायचा अधिकार तुम्हाला नाही आणि मलाही नाही. जबाबदारी घ्यायची म्हणता ना, ती इथून सुरू होते. मीटिंगमध्ये काय बोलायचं हा त्यानंतरचा भाग.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येऊ: ‘स्टील ड्रॉइंगप्रमाणे आहे.’ ते खरंच असणार. सळ्या मोजल्या तर बरोबर भरतील, अंतरही बरोबर भरेल. पण बाल्कनीचं मेन स्टील वर असतं, कारण ताण वरच्या बाजूला येतो, आणि सगळा खेळ ते किती वर राहतं याचा आहे. समजा भिंतीपाशी जाडी १२५ मिमी, कव्हर म्हणजे सळईवरचं काँक्रीट २० मिमी, सळई १० मिमीची. म्हणजे खालच्या पृष्ठभागापासून सळईच्या मध्यापर्यंत १०० मिमी मिळाले. स्लॅब टाकताना पंपाचा पाईप ओढणारे, व्हायब्रेटरवाला, फावडेवाले सगळे त्याच जाळीवर उभे राहतात. चेअर कमी असल्या की सळ्या दबतात. ४० मिमी दबल्या तर १०० चे ६० राहिले आणि बाल्कनीची ताकद साधारण चाळीस टक्क्यांनी, किंचित जास्तच, गेली. स्टील एक किलोही कमी झालेलं नाही. सुपरवायझरना हे गणित मांडता आलं नसेल, पण त्यांच्या डोळ्यांसमोर पायाखाली दबलेली जाळी होती. तुमच्या डोळ्यांसमोर ड्रॉइंग होतं. दोघंही एकाच बाल्कनीबद्दल बोलत होतात आणि दोघंही खरं बोलत होतात. पंचाईत ही की त्यातल्या एकाकडेच सही करायचा अधिकार होता.

आता कबुलीचं. तुमच्या प्रश्नात एक गोष्ट मला दिसली, रागावू नका. तुम्ही लिहिलंय: ‘चेअर कमी पडल्या’, ‘चेकिंग राहून गेलं’, ‘मीटिंगमध्ये फिटरचं नाव आलं’. आपल्या भाषेत ही फार मोठी सोय आहे. काच फुटते, दूध उतू जातं, काम राहून जातं, कुणी काही केलेलंच नसतं. घरात ते चालतं. साइटवर अशा वाक्यांनी अख्खा रिपोर्ट भरतो आणि शेवटी कळत नाही की पुढच्या स्लॅबला कोणी काय वेगळं करायचं. तीच वाक्यं कर्ता घालून लिहून बघा. ‘मी चेअर मोजल्या नाहीत.’ ‘मी पोअर कार्डवर (स्लॅब टाकायच्या परवानगीच्या कागदावर) सही केली.’ ‘मी फिटरचं नाव घेतलं.’ लिहिताना पोटात गोळा येतो. यायलाच पाहिजे.

मला हे कळायला किती वेळ लागला ते सांगतो.

नोकरीचं पहिलंच वर्ष होतं. जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीसाठी खड्डा घेतला होता, अडीच मीटर खोल. वर काळी माती, खाली मुरूम. मुकादम साठीचे, सगळे त्यांना मामा म्हणायचे. सकाळी माणसं उतरवायची वेळ झाली तर मामा म्हणाले, ‘‘सायेब, आज खाली मान्सं नगा उतरवू. आवस हाय.’’ मी नुकता डिग्री घेऊन आलेला. अमावस्येला काम बंद ठेवायचं म्हणजे कमालच झाली! मी सगळ्यांसमोर त्यांना विज्ञानावर पाच मिनिटांचं व्याख्यान दिलं. लोक हसले. मामा गप्प बसले. माणसं उतरली.

बारा-सव्वाबाराच्या सुमाराला जेवायची सुट्टी झाली, माणसं वर आली, आणि लगेचच पूर्वेकडची बाजू आत आली. डब्याचं झाकण उघडायच्या आत. पाणी उपसायचा पंप मातीखाली गेला, माणूस एकही नाही. हे माझं कर्तृत्व नव्हतं, जेवणाच्या वेळेचं होतं.

संध्याकाळी साहेबांनी विचारलं, काय झालं? मी म्हणालो, ‘रात्री पाऊस पडून गेला होता, माती भिजली.’ पाऊस पडला होता, हे खरंच. पण उकरलेल्या मातीचा ढीग खड्ड्याच्या अगदी कडेला होता, आणि तो तिथे टाकायला जेसीबीच्या ऑपरेटरला मीच सांगितलं होतं, कारण गाड्यांचा रस्ता मोकळा हवा होता. बाजूंना आधाराच्या फळ्या नव्हत्या, तेही मीच ‘दोन दिवसांचं तर काम’ म्हणून टाळलं होतं. दीड मीटरच्या पुढे खोल गेलं की आधार द्यायचा, माती कडेपासून लांब टाकायची, हे पुस्तकात शिकून आलेला मी. साहेबांनी ढीग बघितला आणि ऑपरेटरचे दोन दिवसांचे पैसे कापले. मी शेजारी उभा होतो. काही बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी सांगितलं. मनाचा मोठेपणा वगैरे काही नाही, झोप येत नव्हती. साहेब चिडतील अशी तयारी करून गेलो होतो. ते एवढंच म्हणाले, ‘मग त्याचे पैसे तू दे.’ दिले. पगार तेव्हा अडीच हजार होता, बऱ्यापैकी टोचलं. ऑपरेटरनं पैसे घेतले, मोजले, आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या साइटवर गेला. माझ्याशी परत कधी बोलला नाही. म्हणून तुम्हाला ‘कबूल केलं की संबंध सुधारतात’ असं मी सांगणार नाही. कधी सुधारतात, कधी उशीर झालेला असतो.

पण या गोष्टीतला खरा धडा मला मामांकडून मिळाला, तोही महिनाभराने. एकदा चहा पिताना मी विचारलं, ‘मामा, खरंच अमावस्येमुळे म्हणाला होतात?’ मामा हसले. ‘‘सकाळीच कडंला चिर बघितली व्हती की. पर तुमास्नी चिर सांगितली असती तर तुमी म्हणला असता, काय न्हाय हुत. आवस म्हनलं की आधीचं सायेब गप बसायचं.’’

त्यांना मातीतलं कळत होतं, आणि मातीतलं त्यांना कळतं हे कुठला साहेब मानणार नाही, हेही कळत होतं. म्हणून त्यांनी चालणारं कारण पुढे केलं. मी त्या कारणाला हरवलं आणि चीर तशीच राहिली. तेव्हापासून मी एक गोष्ट पाळतो: समोरच्याचा आक्षेप आणि त्याने दिलेलं कारण या दोन वेगळ्या वस्तू समजतो. कारण कच्चं असलं तरी आक्षेप पक्का असू शकतो. कारण खोडायच्या आधी विचारायचं, ‘तुम्हाला नक्की काय दिसलं? चला, दाखवा.’ दाखवायला गेलं की निम्मे वाद तिथेच संपतात, कारण बोट ठेवायला जागा लागते आणि जागेवर शब्दांचा फारसा उपयोग नसतो. तुमच्या सुपरवायझरना त्या संध्याकाळी ‘चला, दाखवा’ म्हणून जिन्याने वर गेला असतात तर दहा मिनिटं गेली असती.

याचा अर्थ दरवेळी मान तुकवायची असा मुळीच नाही. उलटं उदाहरणही तितकंच नेहमीचं. एप्रिल-मे महिन्यात दुपारी तीनला मिक्सर येतो, माल घट्ट झालेला, आणि खालून आवाज येतो, ‘साहेब, दोन बादल्या पाणी टाकू द्या.’ यात मी कधीच हो म्हणत नाही. पाणी वाढलं की काँक्रीटची ताकद पडते, आणि २८ दिवसांनी क्यूब (तपासणीसाठी भरलेले काँक्रीटचे ठोकळे) कमी ताकदीला फुटल्यावर कोणी बादली आठवत नाही. पण नुसतं ‘नाही’ म्हणून मी निघूनही जात नाही. ते पाणी का मागताहेत? पंपाची लाईन चोक होतेय, माल पसरत नाही, माणसं घामाघूम झालीत. म्हणजे दुखणं खरं आहे, औषध चुकीचं आहे. गाडीच्या चलानावरची वेळ बघितली तर गाडी प्लांटवरून निघून दीड तास झालेला असतो. लोडिंगपासून दोन तासांच्या आत माल उतरला पाहिजे असा नियम आहे, आणि गाडी निम्मा वेळ सिग्नलला उभी. मग प्लांटच्या माणसाला बोलावून त्याच्या हाताने माल पातळ करणाऱ्या रसायनाचा, म्हणजे अ‍ॅडमिक्श्चरचा डोस, आणि दुसऱ्या दिवसापासून स्लॅबची वेळ पहाटेची. वादात मी हटलो नाही, पण वेळापत्रक माझं चुकलं होतं हे त्या बादलीवाल्यांमुळे कळलं.

आता प्रत्यक्ष काय करायचं.

आधी साहेबांकडे जा, एकटे, आणि कागदावर लिहून न्या. चार-पाच वाक्यं पुरेत: कोणत्या दिवशी, किती वाजता सुपरवायझर काय म्हणाले, तुम्ही काय उत्तर दिलंत, वर जाऊन तपासलं नाहीत, सही केलीत, मीटिंगमध्ये फिटरबद्दल जे बोललात ते अर्धवट होतं. विशेषणं नकोत, ‘मला खूप वाईट वाटतंय’ नको, ते त्यांना दिसेलच. आणि टेकू लावल्याचा फोटो सोबत. खूप साहेब बघितलेत मी. चूक सांगणाऱ्यावर ओरडणारे बरेच आहेत. पण स्वतःहून येऊन सांगितलं म्हणून माणूस काढलेला मी एकदाच पाहिला, आणि ती कंपनी तशीही राहण्यासारखी नव्हती. लपवलेलं नंतर बाहेर आल्यावर गेलेले मात्र मोजायला दोन्ही हात लागतील.

एक अपवाद. कुणाला इजा झाली असेल, पोलीस किंवा कोर्ट यांचा संबंध येणार असेल, तर घडलं ते खरं सांगा, पण घाईघाईत दुसऱ्याने लिहून आणलेल्या कागदावर सही करू नका. आधी वकिलाला विचारा. तुमच्या बाबतीत तशी वेळ आलेली दिसत नाही, सुदैवाने.

आणि भावनेच्या भरात ‘सगळी चूक माझीच’ असं म्हणू नका. ऐकायला मोठेपणाचं वाटतं, पण त्याने चौकशी तिथेच थांबते. चेअर मुळात कमी का पडल्या? बऱ्याच कामांत बार बेंडिंगच्या, म्हणजे सळ्यांच्या मोजमापाच्या, तक्त्यात चेअरच नसतात. त्यांचं स्टील वेगळं मोजून मिळत नाही, म्हणून फिटर उरलेल्या तुकड्यांतून करतो, आणि तुकडे संपले की चेअर संपल्या. तुमच्याकडे असं होतं का? चालायला फळ्या टाकल्या होत्या का, नसतील तर त्या कोणी पुरवायच्या होत्या? पोअर कार्डवर आणखी कोणाची सही आहे? हे प्रश्न दुसऱ्यांवर ढकलायला विचारू नका, पण विचारा जरूर. तुमचा वाटा नेमका सांगितला की दुसऱ्यांच्या वाट्याबद्दल बोलायचा अधिकार राहतो. आधी दुसऱ्याचा सांगितला की राहत नाही, तुम्ही तो अनुभव घेताच आहात.

‘त्याने बघितलं असेल’ या समजुतीवर किती मोठं काय उभं राहतं, त्याचं एक उदाहरण आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असावं. अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलमध्ये १७ जुलै १९८१ ला एकावर एक टांगलेले दोन पादचारी पूल कोसळले, ११४ माणसं गेली. मूळ कल्पनेत दोन्ही पूल एकाच लांब दांड्याला टांगायचे होते. बनवायला अवघड म्हणून फॅब्रिकेटरने (लोखंडी काम बनवून देणाऱ्या कंपनीने) एकाऐवजी दोन दांडे केले: वरचा पूल छताला, खालचा पूल वरच्या पुलाला. त्यामुळे वरच्या पुलाच्या जोडावर दुप्पट भार आला. बदलाला फोनवर मंजुरी घेतली असं फॅब्रिकेटरचं म्हणणं, असा फोन आलाच नाही असं इंजिनिअरांचं. कागदांवर मात्र इंजिनिअरांचा शिक्का होता. शेवटी परवाने गेले ते शिक्का मारणाऱ्यांचे. एका ओळीचं पत्र किंवा एक फेरतपासणी, कुठेतरी कुणीतरी, एवढंच लागत होतं. तुमची बाल्कनी त्यापुढे लहान आहे, पण सही तीच.

मग सुपरवायझर. त्यांच्याशी ऑफिसात बोलू नका, जिथे वाद झाला तिथे, पाचव्या मजल्यावर बोला. ‘तुम्ही सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, उलट तुम्हालाच टाकून बोललो’ एवढं म्हणा आणि थांबा. ‘पण तुम्ही पण जरा...’ हे वाक्य ओठांवर येईल, ते गिळा. त्यांनी खरंच आवाज चढवला असेल तरी गिळा. ते कदाचित ‘हं’ म्हणून निघून जातील. जाऊ द्या. फिटरचं वेगळं आहे. त्याचं नाव तुम्ही दहा माणसांत घेतलंत, त्यामुळे ते परतही दहा माणसांतच घ्यायला हवं. खांद्यावर हात ठेवून कोपऱ्यात मागितलेल्या माफीने त्याचं बिल सुटत नाही. त्याचा वाटा किती हे कन्सल्टंटचा रिपोर्ट आल्यावर ठरेल, तोपर्यंत बिल अडकवू नये असं तुम्हीच तोंडाने म्हणा.

पुढच्या स्लॅबसाठी मी करतो ते सांगतो, पटलं तर घ्या. स्लॅबच्या आदल्या दिवशी पाचच्या सुमाराला फिटर, सुपरवायझर, इलेक्ट्रिशियन यांना घेऊन वरून एक फेरी मारतो आणि प्रत्येकाला एकच विचारतो: उद्या इथे काय बिघडेल असं वाटतं? ‘सगळं ठीक आहे ना?’ असं विचारलं की सगळे ‘हो’ म्हणतात, म्हणून तसं विचारत नाही. सगळ्यात हाताखालच्या माणसाला आधी विचारतो. साहेब बोलून गेल्यावर तो काही बोलत नाही. बाल्कनीत चेअर दीड-दोन फुटांवर मागतो, त्यावर पाय देऊन बघतो, आणि चालायला फळ्या असल्याशिवाय पंप सुरू करू देत नाही.

दुसरं म्हणजे साइट डायरीची शेवटची पानं. तिथे फक्त वाद लिहितो. तारीख, कोण काय म्हणालं, मी काय केलं. शेवटचा रकाना रिकामा ठेवतो आणि त्या कामाचा निकाल समोर आला की त्याच दिवशी भरतो: कोण बरोबर निघालं. पहिल्या वर्षी ती पानं वाचून मला कळलं की सेंटरिंग आणि मातीबद्दलच्या वादांत मी बहुतेक वेळा हरलोय आणि काँक्रीटच्या वादांत बहुतेक वेळा बरोबर होतो. त्याआधी मला वाटायचं, मी सगळीकडे बरोबरच असतो. आता मातीबद्दल कुणी काही म्हणालं की मी हातातलं काम सोडून उठतो. अमावस्या म्हणालं तरी.

तुम्ही प्रश्न परवा टाकलाय आणि सेंटरिंग त्याच्याही आधी निघालंय. त्यामुळे बाकीचं सगळं उद्या वाचलंत तरी चालेल. टेकू लागले का, आणि खाली कोणत्या मजल्यापर्यंत घेतले, तेवढं आधी कळवा.